हवेतली हजेरी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन यांच्या खाटेशेजारी आहे आणि तुझ्या भावोजींचे कान तुला माहीत आहेत. पाठीच्या कण्यानं दगा दिला, कानांनी अजून दिलेला नाही.

मुद्द्याचं सांगते. आमच्या हौशी रेडिओ क्लबांचा जो देशभरचा महासंघ आहे, त्यानं एक ठराव आणायचं घाटलंय. लागोपाठ दोन वार्षिक सभांना जो राजधानीच्या सभागृहात स्वतः येणार नाही, तो सभासद ‘निष्क्रिय’. आणि निष्क्रिय माणसाची कॉलसाइन काढून घ्यावी, अशी शिफारस सरकारकडे जाणार. कॉलसाइन म्हणजे अक्षरं-आकड्यांचं हवेतलं नाव. ते नसेल तर माइकवर तोंड उघडता येत नाही. म्हणे नवीन लोक रांगेत उभे आहेत आणि जुन्यांनी नावं अडवून ठेवलीत.

अँटेना बसवताना गच्चीवरून पडल्यापासून हे खोलीबाहेर गेलेले नाहीत. निष्क्रिय कोणाला म्हणतात हे त्या लोकांनी एकदा येऊन बघावं. रोज संध्याकाळी हे सेट सुरू करतात आणि यादीतलं एकेक नाव पुकारतात. कोणी दीपगृहावरचा, कोणी डोंगरावर हवामान मोजणारी, एक दृष्टी गेलेल्या शिक्षिका. जो तो ‘हजर’ म्हणतो, खुशाली सांगतो आणि ‘पुढे’ म्हणून पुढच्याला जागा देतो. तेवढा वेळ मी शिवणयंत्र बंद ठेवते, कारण मोटारीची घरघर यांच्या सेटमध्ये शिरते. दिवसभर कपाळाला आठ्या घालून पडलेला हा माणूस त्या वेळी असा बोलतो, की वाटतं आता उठून चपला शोधेल. तो आवाज गेला तर काय उरेल, याचा विचार मी करतच नाही. म्हणजे दिवसभर तोच करते.

आता गंमत बघ. सगळ्यांचा छंदच मुळी लांबून बोलण्याचा, आणि यांच्या सभेत लांबून बोललेलं मोजत नाहीत! हात वर करायचा तो सभागृहातच. राजधानीतले मोठे क्लब पायी पायी येतात. आम्ही वर्गणी तेवढीच भरतो आणि आमची मतं घरी बसतात. गेल्या वर्षी आमच्यातला सुतार एवढा प्रवास करून गेला, तर त्याला शेवटच्या रांगेत बसवलं. त्याची बोलायची पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. परत आला तो नुसती सर्दी घेऊन.

तू राजधानीत राहतोस, तेव्हा आमच्या क्लबचा प्रतिनिधी म्हणून सभेला तू जायचंस. प्रतिनिधी क्लबचा सभासद असावा लागतो, पण ‘श्रोता सभासद’ही चालतो. त्याला परवाना लागत नाही, तो फक्त ऐकतो. ऐकण्यात तुझा हात कोण धरणार? कालच्या बैठकीत मी तुझं नाव सुचवलं आणि मंजूरही करून घेतलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास, आणि मला तुझं ‘नाही’ यांना सांगावं लागलं असतं.

उत्तर लगेच दे. लोभ आहेच, पण या खेपेस तो तुझ्या उत्तरावर टांगून ठेवला आहे.

तुझी,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हातातली कवळी खाली पडली. सुदैवानं मेणाची होती. ताई, तू अख्खा देश सोडून माणूस निवडलास तो हा? शाळेत कविता म्हणायला उभा राहिलो की घंटा होईपर्यंत नुसता उभा राहणारा? दिवसभर मी प्लास्टरच्या साच्यांत दुसऱ्यांच्या बत्तिशा घडवतो, कारण स्वतःची कधी कामाला येत नाही. माझ्यासमोर फळीवर सगळी तोंडं ओळीनं मांडलेली असतात आणि एकही उलटून बोलत नाही. मला आवडणारी सभा ती एवढीच.

चारचौघांत उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते. हे मी थट्टेत लिहितोय, पण खरंच तसं होतं, आणि यात भावोजींचं नुकसान होईल या विचारानं दोन रात्री झोप नाही. तरी जाईन. त्यांनी मला सायकल शिकवली, आणि मी पडलो तेव्हा हसले नाहीत. घरात न हसलेले ते एकटेच होते, हे तुलाही आठवत असेल.

काल महासंघाच्या कचेरीत जाऊन आलो. तिसरा मजला, लांबलचक अंधारा बोळ, काचेच्या कपाटांत चषक आणि सगळ्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी. खिडकीवरच्या माणसानं माझा अर्ज वाचण्याआधी बाजूला सारला. तिथे एक बाई भेटल्या. त्या रेडिओ दुरुस्त करतात आणि सभागृहातला सेट सांभाळतात. बोटांवर तारांना डाग देताना बसलेल्या चटक्यांच्या खुणा. दर वर्षी सभेच्या सुरुवातीला अध्यक्ष त्या सेटवरून देशभरच्या सभासदांना शुभेच्छा देतात म्हणे, आणि मग आवाज बारीक करून टाकतात. भावोजींचं नाव काढताच त्यांनी माझा अर्ज पुन्हा वर ठेवायला लावला. मार्चमध्ये कार्यकारिणीची बैठक आहे आणि तिथे प्रतिनिधींना बोलता येतं, असं त्या म्हणाल्या.

एक अट. मी सभेपुरता उसना सभासद. संध्याकाळच्या त्या यादीत माझं नाव घालू नका. ‘हजर’ म्हणायची वेळ आली तर मी गैरहजर होईन.

लोभ ठेवशीलच. थोडं धैर्यही पाठवता आलं तर पाठव.

तुझा,
धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू हो म्हणालास हे सांगितल्यावर यांनी सेट पुसायचं फडकं मागितलं. पुसलेलाच सेट पुन्हा पुसला. ठरावाचं यांना आधीपासून ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे की यांना ठाऊक आहे. आणि आम्ही दोघं गवारीच्या शेंगांचे भाव बोलतो.

तुला श्रोता क्रमांक मिळाला, सोबत पाठवते. यांनी तुला ‘मौनीबाबा’ ही पदवीही दिली आहे, ती फुकट. शिवाय बोलण्याची रीत शिकवायला सांगितली आहे. दुसरा बोलत असताना बटण दाबायचं नाही, हा पहिला नियम. त्याचं संपलं तरी लगेच झडप घालायची नाही. मनात दोन अंक मोजायचे, म्हणजे कोणाला काही तातडीचं असेल तर त्याला जागा राहते. मग आपण बोलायचं, थोडक्यात बोलायचं आणि जागा सोडायची. यांचं म्हणणं, ही एवढी रीत सगळ्या सभांनी पाळली तर जगातली निम्मी भांडणं मिटतील. मी म्हटलं, आधी घरात पाळा.

आणखी एक शब्द आहे, ‘ब्रेक’. तो कानावर पडला की हवेतले सगळे जण जागच्या जागी गप्प होतात. पण तो फक्त जिवावर बेतलं असेल तेव्हाच वापरायचा. जहाज बुडतंय, घर पेटलंय, असं काही. उगाच वापरणाऱ्याला हे यादीतून काढून टाकतात. तुला तो लागणार नाही, नुसता माहीत असावा म्हणून लिहिते.

मागायचं काय ते नीट लक्षात ठेव. दूरच्या क्लबांना कार्यकारिणीत जागा. ज्यांना येता येत नाही त्यांची हजेरी हवेतून घ्यावी आणि मत टपालानं. हे मिळालं की निष्क्रिय कोणी उरतच नाही.

यांचा घसा हल्ली फार बसतो. शेवटी शेवटी तोंडानं बोलवत नाही, मग मोर्सचा खटका दाबून टकटक करत निरोप पुरा करतात. डॉक्टर म्हणतात बोलणं कमी करा. कोणाला सांगताय! मला ती टकटक कळते. लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण आम्ही त्यातच केलं होतं, ताटावर चमचा वाजवून, सासूबाईंना कळू नये म्हणून. मीच जिंकले होते.

जपून जा, पोटभर जेवून जा. मायेचं काही कमी नाही, काळजीचं मात्र भरपूर आहे.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्यानं झालं नाही. आधी हेच लिहितो, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन.

बैठक लांबट टेबलाभोवती होती. मला खुर्ची मिळाली ती दाराला लागून. कोणी आत-बाहेर केलं की मला उठावं लागायचं. कागदावर सगळं लिहून नेलं होतं आणि पाठही होतं. ठराव वाचला गेला. मग राजधानीतल्या एका क्लबाचे चिटणीस बोलू लागले. त्यांचं संपलं, मी मनात एक म्हटलं, दोन म्हणायच्या आत दुसऱ्यांनी सुरू केलं. त्यांचं संपलं, पुन्हा एक म्हटलं, तिसऱ्यांनी सुरू केलं. ताई, त्या खोलीत दोन अंकांची जागा कोणी ठेवतच नाही. हवेत ठेवत असतील. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. मी शिकवल्याप्रमाणे थांबलो. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि हरकत नाही असं लिहून घ्यायला सांगितलं. माझं तोंड उघडलेलं होतं, ते तसंच घेऊन घरी आलो.

ठराव आता वार्षिक सभेपुढे जाईल, कार्यकारिणीची एकमुखी शिफारस म्हणून. त्या एका मुखात माझंही धरलंय.

सेटवाल्या बाई जिन्यापर्यंत आल्या. रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. भावोजींना काय वाटलं ते मला लिहू नकोस. किंवा लिही. कामात लक्ष नाही, काल एका गृहस्थांचे वरचे दात खालच्या साच्यात बसवत होतो.

तू रागावली असशील, तरी ताईपण काढून घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. ‘अनेक उत्तम’ आज लिहीत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही उलटी लावली. मला राग आला, खूप आला. त्या खोलीत एक माणूस आमचा होता आणि तो अंक मोजत बसला. तेवढ्यात हे हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, चूक त्याची नाही, माझी आहे. मी त्याला चांगल्या माणसांत बोलायला शिकवलं.

मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि इतके दिवस न बोललेलं सगळं बोलून झालं. मी विचारलं, नाव काढून घेतलं तर काय कराल? म्हणाले, ऐकत राहीन, ऐकायला कोण मना करतंय. आणि मग यादीतली नावं माइकशिवाय, नुसती ओठांनी म्हणून दाखवली. धाकट्या, मला भीती वाटते. हा माणूस तक्रार न करता गप्प होईल, आणि तो गप्प झालाय हे फक्त मला कळेल.

वार्षिक सभेला तूच जायचं आहेस. क्लबात दुसरं नाव निघालं होतं, मी हाणून पाडलं. का, ते माझं मला नीट सांगता येत नाही. रिकाम्या खुर्चीपेक्षा तोंड उघडून गप्प बसलेला भाऊ बरा, एवढंच.

हवेत वादाच्या गोष्टी बोलायच्या नाहीत असा आमचा दंडक आहे. त्यामुळे हे कोणाला ठरावाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. एवढंच सांगितलं, की सभेच्या रविवारी हजेरी संध्याकाळी न घेता दुपारी घेऊ, ज्या लहरीवर सभेच्या शुभेच्छा येतात त्याच लहरीवर. सगळ्यांनी बरं म्हटलं. का, हे एकानंही विचारलं नाही. सेटवाल्या बाईंना एवढं कळव.

ताईपण कोण काढून घेतंय? ते काय महासंघाच्या हातात आहे?

तुझी,
ताई

ता. क. यांनी मला हे लिहायला लावलं आहे: मौनीबाबा, दोन अंक मोजू नकोस. एकही मोजू नकोस.

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला निकाल कळला असेल, तरी माझ्याकडून ऐक. 

सभागृह भरलं होतं. दारातच माझ्या शर्टाला श्रोता क्रमांकाचा बिल्ला लावला गेला. सुरुवातीला अध्यक्षांनी सेटवरून शुभेच्छा दिल्या, टाळ्या झाल्या, आवाज बारीक केला गेला. मग हिशोब, मग आभार, मग तो ठराव. कार्यकारिणीची एकमुखी शिफारस आहे, तेव्हा चर्चेत वेळ दवडू नये, असं कोणीतरी म्हणालं. दोघे-तिघे एकदमच बोलत होते. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेला आणि मला कळलं की आता भावोजींसारख्यांची नावं जाणार, आणि मी पुन्हा तोंड उघडं घेऊन घरी जाणार.

मी उभा राहिलो आणि ‘ब्रेक’ म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

ताई, एवढी मोठी खोली एका शब्दात अशी गप्प होते हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बोलणाऱ्यांची वाक्यं अर्धी राहिली. अध्यक्षांचा हात घंटेवर तसाच थांबला. मी पाहुणा, मी परका, पण शब्द त्यांचा होता. अध्यक्षांनी अगदी गंभीरपणे विचारलं, की कोणाच्या जिवावर बेतलं आहे. मी सांगितलं, माझ्या भावोजींच्या. आणि पुढे म्हणालो, की ज्यांना आपण निष्क्रिय ठरवतो आहोत ते या घटकेला याच खोलीत बोलत आहेत, फक्त त्यांचा आवाज बारीक करून ठेवलाय. बाईंनी परवानगीची वाट पाहिली नाही. आवाज मोठा केला.

तुमची हजेरी चालली होती. दीपगृहावरचा हजर म्हणाला, त्याच्यामागे वारा ऐकू येत होता. शिक्षिका हजर म्हणाल्या. डोंगरावरची हजर म्हणाली आणि तिनं तिथला थंडीचा आकडा सांगितला. प्रत्येक नावामागून ‘पुढे’. आणि मधे मधे भावोजींचा आवाज, एकेकाला पुकारणारा. मी वर्षानुवर्षं त्याला खरखर म्हणत आलो. पुढच्या रांगेतले एक वृद्ध सभासद उठले आणि त्यांनी सभागृहाला विचारलं, की इथे बसलेल्यांपैकी या वर्षात एकदा तरी माइक कोणी हातात धरला आहे. अर्ध्याअधिक लोकांनी मान खाली घातली.

शेवटी भावोजींनी स्वतःचं नाव पुकारलं आणि आवाज फुटेना. नुसता श्वास ऐकू येत होता.  मग टकटक सुरू झाली. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण बाकी सगळ्यांना कळलं असावं, कारण ती थांबताच सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. बराच वेळ बघत राहिले. माझ्या शर्टाला प्लास्टर लागलंय की काय, मला समजेना. मी कसंनुसं हसलो आणि खाली बसलो.  मग अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि ठराव मताला टाकला.

ठराव पडला. थोडक्या मतांनी, पण पडला. दूरच्या क्लबांना कार्यकारिणीत दोन जागा आणि हवेतली हजेरी ग्राह्य, हे एका वर्षापुरतं मान्य झालं. टपालाच्या मताचं पुढच्या सभेत बघू म्हणाले. म्हणजे पुन्हा भांडावं लागणार.

एकच काळजी आहे. तो शब्द मी वापरला. जहाज बुडत नव्हतं. भावोजी रागावले असतील तर त्यांना सांग, मला दुसरं काही सुचलं नाही. आणि ती टकटक काय होती?

तुझा,
धाकटा

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक, उत्तम आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यात धर.

तू उभा राहताच बाईंनी माइकचं बटण दाबलं असावं, कारण तुझा तो ओरडा आमच्या खोलीत आला. हे दचकले. दीपगृहावरच्याला पुकारणार होते, ते थांबले. शिकवणुकीप्रमाणे सगळी हवा गप्प झाली. मग अध्यक्षांचा प्रश्न ऐकू आला, आणि तुझं उत्तर. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं. मग माइकवर हजेरी पुढे चालू असल्याचं सांगितलं. रागाचं विचारलंस म्हणून सांगते. संध्याकाळी मी छेडलं, की तो शब्द उगाच वापरणाऱ्याला यादीतून काढता ना? म्हणाले, उगाच कुठे वापरला.

शेवटी आवाज फुटला नाही तो घशामुळे नव्हे. मी शेजारी होते, मला माहीत आहे.

आता टकटक. त्यांनी आधी ‘हजर’ पाठवलं. मग ‘पुढे’. आणि त्यापुढे तुझा श्रोता क्रमांक. यादीत घालू नका म्हणाला होतास, ते मी यांना वाचून दाखवलं होतं. यांचं म्हणणं पडलं, की उसना घेतलेला माणूस परत करायची या क्लबात पद्धत नाही.

सगळं सभागृह तुझ्याकडे बघत होतं ते शर्टामुळे नाही रे वेड्या. तुझी पाळी होती. तू बाईंच्या माइकजवळ जाऊन ‘हजर’ म्हणशील म्हणून सगळे थांबले होते. इथे हे कानाला हात लावून थांबले होते. दोन अंक मोजले असतील, मग आणखी किती मोजले कोण जाणे. मी म्हटलं, त्याला ती भाषा येत नाही. म्हणाले, थांब जरा, लाजतो तो.

यादी अजून बंद केलेली नाही. तुझ्या क्रमांकापुढे हजर लिहिलेलं नाही आणि गैरहजरही नाही. डॉक्टर काल पुन्हा घशाबद्दल बोलून गेले. ते इथे लिहीत नाही, भेटशील तेव्हा सांगेन. पण फार थांबायला लावू नकोस.

गुरुवारी संध्याकाळी बाईंच्या घरी जा. त्या शेजारी असल्या की त्यांच्या माइकवर एक शब्द बोलायला श्रोत्यालाही चालतं. हे तुला शेवटी पुकारतील.

मी शिवणयंत्र बंद ठेवते.

तुझी,
ताई